नाकापासून वीतभर

पहाटे ५:३०

धुळीचे नमुने घ्यायचे पंप चार्जिंगवरून काढून टेबलावर ओळीनं मांडले की माझा दिवस सुरू होतो. मुठीत मावणारा हा पंप कामगाराच्या कमरपट्ट्याला लागतो. त्याची नळी पाठीवरून खांद्यावर येते आणि कॉलरपाशी, नाकापासून वीतभर अंतरावर, छोटा सायक्लोन आणि गाळणीची डबी लटकते. तो माणूस दिवसभर जी हवा घेतो त्यातलीच थोडी पंपही ओढतो, मिनिटाला १.७ लिटर. हा प्रवाह मी साबणाच्या फुग्यावर तपासते. काचेच्या नळीत फुगा एका खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंत किती सेकंदांत चढला, त्यावरून हिशेब लागतो. इलेक्ट्रॉनिक यंत्रही आहे, पण फुगा डोळ्यांना दिसतो, म्हणून त्याच्याशी पडताळून घेते.

सगळी मदार या प्रवाहावर आहे. सायक्लोनमध्ये हवा गरगर फिरते आणि सुपात धान्य पाखडावं तसे जाड कण वेगळे होऊन खालच्या टोपीत पडतात. वर गाळणीवर पोचते ती फक्त फुफ्फुसाच्या शेवटच्या पिशव्यांपर्यंत जाऊ शकणारी धूळ. चार मायक्रॉनचे निम्मे कण त्यातून पार होतात, दहा मायक्रॉनचे जवळजवळ नाहीत. प्रवाह कमी पडला तर जाड कणही गाळणीवर येतात, वाढला तर बारीकही टोपीत जातात. म्हणून संध्याकाळी पुन्हा तपासायचं. सकाळ-संध्याकाळच्या आकड्यांत पाच टक्क्यांहून जास्त फरक आला तर तो नमुना बाद.

गाळण्या प्रयोगशाळेतून वजन करून, सीलबंद डब्यांतून येतात. दिवसभराची धूळ एक मिलिग्रॅमही भरत नाही अनेकदा, म्हणून ते वजन मायक्रोग्रॅममध्ये करावं लागतं. एक डबी कोरी ठेवायची असते. शेडमध्ये ती उघडायची, लगेच बंद करायची, तिच्यातून हवा ओढायची नाही. प्रवासात, हाताळणीत जी धूळ बसली असेल ती या कोऱ्या डबीवरून कळते. घाईत लोक नेमकी हीच डबी विसरतात.

सकाळी ६:४०

पंचगंगेचा पूल ओलांडला की पुलाची शिरोली. उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत हायवेच्या कडेनं चाललेले आहेत. कोल्हापूरचं ओतकाम शेतीच्या पोटातूनच वाढलं. उसाचे चरक, पाणी उपसायची ऑइल इंजिनं आणि त्यांचे सुटे भाग उद्यमनगरच्या गल्ल्यांत ओतले जात. पुढे शिरोली, गोकुळ शिरगाव आणि मग कागल-हातकणंगले असा पसारा वाढत गेला. आज इथं ओतलेले भाग ट्रॅक्टर, ट्रक, पंप, व्हॉल्व्ह यांच्यात बसून देशभर आणि देशाबाहेर जातात.

आजची फाउंड्री मध्यम आकाराची आहे. ग्रीन सँडचं, म्हणजे ओलसर वाळूच्या साच्यांचं मोल्डिंग, दोन क्रुसिबलांची इंडक्शन भट्टी, साच्यातले वाळूचे गाभे करायचं कोअर शॉप, साचा फोडून कास्टिंग काढायचं नॉकआउट, शॉट ब्लास्टिंग आणि कास्टिंग घासून साफ करायचं फेटलिंग. मालकांनी स्वतः बोलावलं आहे. परदेशी गिऱ्हाइकाच्या ऑडिटमध्ये धुळीचा प्रश्न निघाला हे त्याचं कारण. कारण काही असो, दार उघडलं याचं मला समाधान आहे.

सकाळी ७:००

पाळी सुरू होते. कुणाला पंप लावायचा, हा दिवसातला पहिला मोठा निर्णय. सुपरवायझर म्हणतात, "मॅडम, शेडच्या मधोमध एक स्टँड ठेवा, काम झालं." बऱ्याच अहवालांत तेच केलेलं असतं. शेडच्या मध्यावर मोजलेली हवा कुणाच्याच फुफ्फुसात जात नाही. धूळ जन्मते ती ग्राइंडरच्या चाकाशी, नॉकआउटच्या जाळीवर, झाडूच्या टोकाशी. आणि माणूस तिच्यावर वाकलेला असतो. दहा फुटांवर तीच धूळ कितीतरी पातळ झालेली असते. स्टँडवरचा आकडा चांगला येतो आणि ग्राइंडरवरच्या माणसाचा खोकला तसाच राहतो.

मी सर्वांत जास्त धूळ खाणारी माणसं निवडते. फेटलिंगचे दोघं, नॉकआउटचा एक आणि कोअर शॉपमधल्या एक बाई. पाचवा पंप पेटीत राहू देते.

फेटलिंगचा एक जण बिहारचा आहे, दुसरा जवळच्या हालोंडीचा. हालोंडीचा तरुण पंप हातात घेऊन उलटसुलट बघतो.

"मॅडम, ह्यात रेकॉर्डिंग हुतंय काय?"

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक शेडमध्ये येतो, आणि तो रास्त आहे. कंपनीनं बोलावलेली बाई अंगावर यंत्र बांधते म्हटल्यावर संशय यायचाच. मी डबी उघडून पांढरी गाळणी दाखवते. ह्यात आवाज जात नाही, फक्त हवा जाते. तुम्ही किती काम केलं हे ह्यातून कळत नाही. कामानं तुमच्या छातीत काय घातलं ते कळतं. आकडा आला की तुम्हालाही सांगणार. मग दोन सूचना. शर्टाच्या आत लपवायचं नाही, आणि सायक्लोन उलटा करायचा नाही. उलटा झाला तर टोपीतली जाड धूळ गाळणीवर सांडते आणि सगळा दिवस वाया जातो. बिहारच्या भाईंना हेच हिंदीत. ते ऐकून घेतात, मान हलवतात आणि गमछा नाकावर ओढून कामाला लागतात.

सकाळी ८:१५

वहीत दर पंधरा मिनिटांनी नोंद करत फिरते. कोण काय करतंय, कुठल्या बाजूला तोंड करून, पंखा चालू आहे का, हूड कुठं आहे. या नोंदी नसतील तर गाळणीवरचं वजन नुसतं वजन राहतं; ते कुठून आलं आणि कसं थांबवायचं, हे त्यातून कळत नाही.

साच्याची वाळू म्हणजे बहुतेक क्वार्ट्झ, सिलिकाचं स्फटिकरूप. नव्या वाळूचा दाणा पाव ते अर्धा मिलिमीटर असतो, तो नाकातच अडकेल. पण तीच वाळू पुन्हा पुन्हा वापरली जाते. वितळलेल्या लोखंडाचा चटका बसतो, नॉकआउटवर आपटते, मिक्सरमध्ये रगडली जाते, आणि दाणा फुटत फुटत त्याचं पीठ होतं. त्या पिठातला एखाद-दोन मायक्रॉनचा कण डोळ्यांना दिसत नाही. माणसाचा केस साठ-सत्तर मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज यावा. स्थिर हवेतसुद्धा एका मायक्रॉनचा क्वार्ट्झचा कण नाकाच्या उंचीवरून जमिनीवर यायला चार-साडेचार तास घेतो, आणि शेडमधली हवा तर कधीच स्थिर नसते. सकाळी उडालेला कण दुपारी दुसऱ्याच्याच श्वासात जाऊ शकतो.

फुफ्फुसात पोचलेल्या कणाला तिथल्या रक्षक पेशी गिळतात. क्वार्ट्झ त्यांना पचत नाही. पेशी मरते, कण मोकळा होतो, दुसरी पेशी त्याला गिळते, तीही मरते. त्या जागी वण धरत जातो आणि मऊ फुफ्फुस निबर होतं. हा सिलिकोसिस. साधारण प्रमाणात धूळ खाल्ली तर दहा वर्षांनी किंवा त्यानंतर दिसतो. फार जास्त खाल्ली तर पाच वर्षांतही, आणि क्वचित काही महिन्यांत. दिसला की परत फिरत नाही. काम सोडल्यावरही वाढू शकतो. अशा छातीत क्षयाचे जंतू सहज घर करतात. म्हणून कित्येकांच्या कागदावर नुसता 'टीबी' लिहिलेला असतो आणि वाळूचा उल्लेखही नसतो. १९९७ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं कामाच्या ठिकाणच्या स्फटिक सिलिकाला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं.

या आजाराला औषध नाही, पण तो पूर्णपणे टाळता येतो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि म्हणूनच या कामात मला स्वस्थ बसवत नाही.

सकाळी ९:०० ते ११:००

फेटलिंग. इथं मी दोन तास काढते.

हालोंडीच्या तरुणापुढं गिअरबॉक्सच्या हाउसिंगची रास आहे. रनर-रायझर, म्हणजे ओतायच्या वाटांत गोठलेलं जादा लोखंड, आधीच तोडलेलं. तो हँड ग्राइंडरनं कडा घासतोय, आणि खाचेत जळून चिकटलेली वाळू ठिणग्यांबरोबर उडतेय. बाकापाठी धूळ ओढायचा हूड आहे. वर जाड डक्ट, शेडबाहेर बॅग फिल्टर. पैसे खर्च झालेले आहेत, यंत्रणा चालू आहे, पंख्याचा आवाजही येतोय.

मी धुराची नळी फोडते. बारीक पांढरा धूर निघतो आणि हवा कुठं चाललीय ते दिसतं. हूडच्या तोंडाशी धरला तर धूर आत जातो. कास्टिंगपाशी धरला तर वर चढून सरळ त्याच्या तोंडाकडे येतो.

त्याला दोन कारणं. पहिलं अंतराचं. हूडनं हवा ओढायची ताकद अंतराच्या वर्गानं घटते, म्हणजे दुप्पट लांब गेलं की जवळजवळ चौथाई उरते. कास्टिंग हूडपासून दोन फूट पुढं ओढून घेतलंय, कारण मागं ठेवलं तर चारी बाजूंनी ग्राइंडर फिरवता येत नाही. नगावर मजुरी असलेला माणूस कास्टिंग पुढंच ओढणार. त्याला "मागं ठेव" म्हणून सांगण्यात अर्थ नाही.

दुसरं कारण त्याच्या पाठीशी उभं आहे, उंच पेडेस्टल फॅन. उकाड्यात तो लागतोच. पण त्याची हवा माणसाच्या पाठीवर आदळून दोन्ही बाजूंनी वळते आणि छातीपुढं भोवरा करते. त्या भोवऱ्यात धूळ अडकते. हूड जेवढं ओढतो त्याहून जास्त हा पंखा विस्कटतो.

पेटीतून लगेच आकडा देणारं यंत्र काढते. ते प्रकाशाच्या विखुरण्यावरून धूळ मोजतं. कायद्याच्या कामाला त्याचा आकडा चालत नाही, क्वार्ट्झ किती हेही त्याला कळत नाही. पण दर सेकंदाला आकडा हलतो, आणि तेच मला हवं असतं. ते त्याच्या छातीला लावून मोबाइलवर चित्रीकरण करते. मग त्याला आणि सुपरवायझरांना एकत्र बसवून दोन्ही बरोबर दाखवते. खाचेत ग्राइंडर गेला की आकडा उसळतो. बाहेरची कड घासताना खाली येतो.

"म्हंजे खाचंतली वाळूच खातोय मी," तो म्हणतो.

बरोबर तेच. यावरून पुढचा प्रश्न सुपरवायझरच विचारतात: खाचेत वाळू जळून चिकटते का? कोअरला लावायचा वॉश, म्हणजे लेप, पातळ पडतोय का? कास्टिंग आधी शॉट ब्लास्टमधून नीट काढलं तर? आत्ता घाईच्या ऑर्डरींना ब्लास्टिंगची फेरी अर्ध्यावर थांबवतात. धुळीचा माग काढत गेलं की तो असा मागं मागं जातो, ग्राइंडरवरून ब्लास्टिंगवर, तिथून कोअर शॉपमध्ये. जिथं ती तयार होते तिथंच थांबवली तर पुढचा निम्मा त्रास वाचतो.

आम्ही पंखा बाजूच्या भिंतीशी नेतो, वारा तिरका, हूडच्या दिशेनं. भंगारातलं जुनं बेअरिंग आणि एक गोल प्लेट घेऊन वर्कशॉपचे फिटर तासाभरात फिरतं टेबल करून देतात. आता कास्टिंग हूडच्या तोंडाशी राहतं आणि त्यालाच फिरवता येतं. बाजूंना पत्र्याच्या दोन कडा उभ्या करतो. ठिणग्या हूडकडे जातील अशा बाजूनं तो ग्राइंडर धरून बघतो. यंत्रावरचा आकडा निम्म्याच्या खाली येतो. खाचेत गेलं की अजूनही उसळी आहे, पण छोटी.

टेबलाबद्दल त्याचं मत वेगळंच आहे. "कंबार वाकवाय लागत न्हाई." मला हे फार आवडलं. हा बदल तो कंबरेसाठी टिकवेल, आणि छातीही वाचेल.

फिटर तसंच टेबल दुसऱ्या बाकासाठी करायला घेतात. ही तात्पुरती व्यवस्था आहे. मापं घेऊन नीट करावी लागेल. तीच गाळणी ठेवली तर आजचा आकडा अर्धा जुन्या पद्धतीचा, अर्धा नव्या पद्धतीचा येईल. मी पंप थांबवून दोघांच्याही डब्या बदलते, वेळ टिपते, म्हणजे दोन्ही वेगळे राहतील.

सकाळी ११:२०

नॉकआउटजवळ सफाई. कोरडा झाडू, आणि त्याच्यामागं भिंतीएवढा ढग. सांडलेल्या वाळूवर पाण्याचा हलका फवारा मारून, ओली करून उचलायची, किंवा व्हॅक्यूमनं ओढायची. फवारा मारायचा तो भट्टीपासून आणि ओतायच्या जागेपासून लांबच. दोन मिनिटांचं काम आहे. मी झाडूवाल्या मावशींबरोबर एक पट्टा ओला करून दाखवते.

त्यानंतर लगेच एक मोल्डर कॉम्प्रेसरच्या हवेनं अंगावरची धूळ उडवताना दिसतो. सकाळपासून कपड्यांवर बसलेली धूळ एका झटक्यात नाकापुढं. एअर गनचे पॉइंट मोल्डिंगला लागतात, काढता येत नाहीत. पण अंग झटकायला दाराजवळ व्हॅक्यूमची नळी देता येते. लिहून घेते.

दुपारी १२:३०

जेवण. पंप बंद करून, सायक्लोन उभाच राहील असे अडकवून ठेवते. कोअर शॉपमधल्या बायका डबे उघडतात. भाकरी, पिठलं, ठेचा. मलाही हातावर भाकरी मिळते. हात धुवायला नळ आहे, साबण नाही. कामाचे कपडे इथं ठेवायला जागा नाही. सगळे त्याच कपड्यांत घरी जातात आणि ते घरातल्या कुणीतरी हातानं झटकून धुतं.

दुपारी १:१५

मालकांच्या केबिनमध्ये. ते इंजिनिअर आहेत, प्रश्न नेमका विचारतात. "कायद्याची मर्यादा किती?"

कारखाने कायदा १९४८ चा. पण भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर, १९८७ च्या दुरुस्तीनं, त्यात हवेतल्या घातक पदार्थांच्या मर्यादांचं परिशिष्ट आलं. श्वसनीय धुळीत क्वार्ट्झ असेल तर त्या परिशिष्टातलं सूत्र असं होतं: दहा भागिले क्वार्ट्झची टक्केवारी अधिक दोन. धुळीत ८ टक्के क्वार्ट्झ असेल तर १० भागिले १०, म्हणजे घनमीटरला १ मिलिग्रॅम. १८ टक्के असेल तर अर्धा मिलिग्रॅम. वाळू जास्त तशी मर्यादा कडक. म्हणून नुसतं वजन पुरत नाही. त्यातलं क्वार्ट्झ क्ष-किरण विवर्तनानं मोजून घ्यावं लागतं.

आता पहिलंच उदाहरण घेऊ. १ मिलिग्रॅम धूळ, त्यात ८ टक्के, म्हणजे ०.०८ मिलिग्रॅम क्वार्ट्झ. या सूत्राप्रमाणे मर्यादेवर. अमेरिकेनं २०१६ साली नियम बदलून श्वसनीय स्फटिक सिलिकाची मर्यादा ०.०५ केली, आणि ०.०२५ पासूनच मोजमापाची, देखरेखीची जबाबदारी मालकावर घातली. तुमच्या गिऱ्हाइकाचा ऑडिटर बहुधा हाच आकडा धरून बसणार आहे. फुफ्फुस तर कोल्हापूरचं असो नाहीतर ओहायोचं, तेच असतं.

ते वहीत दोन्ही आकडे लिहितात. बॅग फिल्टरबद्दल मी बोलते. प्रेशर गेजचा काटा बघता पिशव्या चोंदलेल्या आहेत. मोटर वीज खाते आणि हवा निम्मीच ओढते. पिशव्या बदलल्या तर त्याच यंत्रणेतून दुप्पट काम. हे त्यांना लगेच पटतं.

दुपारी २:००

मी भट्टीकडे येते तेव्हा चार नवी माणसं आलेली असतात. सकाळच्या हजेरीत नव्हती. लायनिंग तोडायला ठेकेदाराची टोळी आली आहे.

भट्टीचं आतलं अस्तर रॅमिंग मासचं असतं. म्हणजे जवळजवळ निव्वळ क्वार्ट्झची पूड, थोड्या बोरिक ॲसिडसह. कॉइल आणि फॉर्म्याच्या मधल्या फटीत ती कोरडीच ओततात, ठोकून दाबतात आणि तापवून घट्ट करतात. काही हीट, म्हणजे वितळण्याच्या फेऱ्या, झाल्या की अस्तर झिजतं, ते फोडून नवं भरायचं. वितळलेल्या लोखंडाला लागून राहिलेल्या आतल्या थरात क्वार्ट्झचं काही प्रमाणात क्रिस्टोबलाइट झालेलं असतं. सिलिकाचं हे रूप आणखी घातक धरतात. आपल्या परिशिष्टात त्याची मर्यादा क्वार्ट्झच्या निम्मी होती.

टोळीतले सगळ्यांत मोठे मामा चाळिशीच्या पुढचे. न्यूमॅटिक चिझल घेऊन भट्टीच्या तोंडावर वाकलेले, डोकं आणि खांदे आत. नाकाला ओला टॉवेल. इथं पाणी मारता येत नाही. भट्टीत ओल राहिली आणि पुढं लोखंड वितळलं तर स्फोट होतो. सकाळी झाडूला जो उपाय केला तो इथं जीवघेणा ठरेल.

मी काम थांबवायला सांगते. पाचवा पंप यांच्यासाठी, पण त्याच्या आधी मास्क. मोजायचं आहे म्हणून एखाद्या माणसाला ओल्या टॉवेलावर त्या धुळीत वाकू द्यायचं, हे मला मान्य नाही. सायक्लोन मास्कच्या बाहेर असतो, तेव्हा मास्क घातला तरी हवेचा आकडा खराच येतो. स्टोअरमध्ये काडतुसांचे रबरी मास्क प्लास्टिकच्या पिशवीत तसेच पडलेले आहेत. मामांच्या दाढीचे खुंट चार दिवसांचे. मास्क कातडीला घट्ट बसत नाही, कडेनं हवा येते. समोरच्या टपरीवरून रेझर आणतो. मामा हसत दाढी करतात, बाकीचे तिघं बघतात आणि मग तेही करतात. मास्कवर हात ठेवून श्वास ओढायला लावते, तोंडाला चिकटून बसला की झालं.

"किती वर्षं झाली मामा ह्या कामाला?"

"झाली की अठरा-वीस. ह्या शेडात न्हाई ओ. हितं तिथं. उद्या गोकुळ शिरगाव, परवा कागल. जिथं लायनिंग निघंल तिथं."

"दम लागतो?"

"चढ चढताना लागतोय. वयाचं हाय म्हणायचं." थोडं थांबून: "मागं टीबीचा कोर्स झालाय एकदा."

चिझल सुरू होतं. थेट आकडा देणारं यंत्र मी भट्टीच्या काठावर धरते आणि ते त्याच्या मोजपट्टीच्या टोकाला जाऊन थांबतं. फेटलिंगची सकाळची सर्वांत मोठी उसळीही याच्यापुढं काही नाही. तासाभराचं काम. मग नवी पूड भरायची: गोणी कापायची, खांद्यावरून ओतायची, पुन्हा ढग. पुन्हा तासभर.

हिशेब करून बघावा. समजा एका तासात हवेत घनमीटरला ०.८ मिलिग्रॅम क्वार्ट्झ होतं आणि उरलेले सात तास हा माणूस अगदी स्वच्छ हवेत बसला. तरी आठ तासांची सरासरी ०.१ येते, अमेरिकेच्या मर्यादेच्या दुप्पट. मामा उरलेले सात तास स्वच्छ हवेत बसत नाहीत. ते दुसऱ्या भट्टीवर जातात.

या कारखान्याच्या कागदांत ही टोळी कुठंच नाही. इथल्या कायम कामगारांची वर्षाकाठी वैद्यकीय तपासणी होते, छातीचा एक्स-रे निघतो. ठेकेदाराचा माणूस दर कारखान्यात एक दिवसाचा पाहुणा असतो, म्हणून प्रत्येक ठिकाणी त्याची धूळ नगण्य ठरते. सगळ्या नगण्य धुळींची बेरीज त्याच्या एकाच छातीत होते.

मालकांना मी खाली बोलावून घेते, कारण ही गोष्ट केबिनमध्ये सांगून कळत नाही. ते दहा मिनिटं उभे राहतात. उपाय नवा नाही. भट्टीच्या तळाशी पुश-आउट ब्लॉक बसवायचा, भट्टी आडवी करायची आणि हायड्रॉलिक जॅकनं अख्खं अस्तर एका तुकड्यात बाहेर ढकलायचं. माणसाला आत वाकायलाच लागत नाही, काम बरंच लवकर होतं, कॉइललाही चिझलचा धोका राहत नाही. भरताना गोणीऐवजी तळाला तोंड असलेली मोठी बॅग क्रेननं वर धरायची आणि भट्टीच्या काठाला धूळ ओढणारी कडी लावायची. मालक भट्टीच्या कंपनीला तिथूनच फोन लावतात. जुन्या मॉडेलला ब्लॉक बसेल का, हे मापं पाठवल्यावर कळेल असं पलीकडून उत्तर येतं. तोवर फिरत्या डक्टची सोंड भट्टीच्या काठावर बांधायचं ठरतं.

दुपारी ३:३०

पाळी सुटते. पंप काढायचे, वेळ लिहायची, डब्यांना बुचं लावायची. कोअर शॉपच्या बाई विचारतात, "मला लावलासा ते कशापायी? हितं कुठं धूळ दिसतीया?" त्यांच्या बाकाजवळच रेझिन कोटेड वाळूची गोणी ओततात; शिवाय दुपारभर वारा नॉकआउटकडून इकडे येत होता. दिसत नव्हती हे खरं. मी टॉर्च आडवा धरून त्या झोतात बघायला सांगते. झोताच्या कडेनं बघितलं की तरंगणारे कण चमकतात. त्या बराच वेळ बघत राहतात आणि शेजारणीला बोलावतात.

संध्याकाळी ५:४५

पंपांचा प्रवाह पुन्हा साबणाच्या फुग्यावर. चार बरोबर. नॉकआउटचा पंप सात टक्के घसरलाय, बहुधा नळी कुठंतरी दबली. तो नमुना बाद. उद्या पुन्हा घ्यावा लागेल, कारण ती जागा सोडून अहवाल लिहिता येत नाही.

बाकीच्या डब्या उभ्याच पॅक करते. प्रत्येकीवर क्रमांक, मिनिटं, प्रवाह, काम. पाचव्या पंपाच्या डबीच्या फॉर्मवर 'विभाग' या रकान्यात काय लिहावं? कारखान्याच्या यादीत असा विभाग नाही. मी 'भट्टी अस्तर, ठेकेदार कामगार' असं लिहिते आणि प्रयोगशाळेला क्वार्ट्झबरोबर क्रिस्टोबलाइटही मोजायला सांगते.

रात्री ८:३०

फोनाफोनी. सगळ्यात आधी टोळीचे मुकादम. मामांचा आणि टोळीतल्या इतरांचा एक्स-रे काढायचा आहे, आणि फिल्म वाचणारा डॉक्टर आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या नमुना फिल्मांशी ताडून वाचणारा हवा, नाहीतर पुन्हा 'टीबी' लिहून गोळ्या सुरू होतील. मुकादम म्हणतात, "मॅडम, एक दिवस बुडाला तर हजेरी कोण देणार?" ती या कारखान्याकडून मिळेल, मालकांनी दुपारी कबूल केलंय. आजार निघालाच तर पुढं काय, हेही ते विचारतात. सिलिकोसिस कायद्यानं कळवायचा आजार आहे आणि कामगार विम्यात व्यवसायजन्य आजार म्हणून धरला आहे, पण त्यासाठी टोळीची नोंदणी असायला हवी. मुकादम थोडा वेळ गप्प राहतात. मग म्हणतात, दोघांची आहे, दोघांची करायची राहिलीय. मामांची राहिलेल्यांत आहे. उद्या सकाळी कागद घेऊन या म्हणून सांगते, फॉर्म आपण बसून भरू.

मग त्यांच्याकडून टोळीचा आठवड्याचा फेरा लिहून घेते. गोकुळ शिरगावला दोन ठिकाणी, कागलला एक. मामांच्या बरोबर पंप घेऊन फिरायचं तर या तिन्ही मालकांची परवानगी लागेल. दोघं लगेच हो म्हणतात. एकानं तर पुश-आउटची चौकशीही केली. तिसरे म्हणतात, ठेकेदाराच्या माणसाचं मोजून आमच्या कारखान्याचं काय कळणार? मी त्यांना दुपारचं चित्रीकरण पाठवते. अर्ध्या तासानं उत्तर येतं: परवा सकाळी साडेआठला या, भट्टी सातला रिकामी करून ठेवतो.

सातला गार झालेली नसेल. लायनिंग फोडायच्या आधी ती नीट निवली पाहिजे. उलट फोन करून दुपारची वेळ ठरवते, आणि पाचही पंप चार्जिंगला लावते.